उसना एक

पहिल्या वर्षी यादीत मी सहाशे अकरावी होते.
आमच्याकडे माणूस म्हणजे आधी एक आकडा,
रुजू झाल्याच्या तारखेवरून पडलेला.
वर कुणी निवृत्त झालं, कुणी मोठ्या कंपनीत गेलं,
कुणाच्या हृदयाच्या आलेखावर डॉक्टरचं पेन थबकलं,
की खालचे सगळे एक पायरी वर.
अभिनंदन कुणी करत नाही.
पण सकाळच्या कॉफीआधी जो तो यादी उघडतो.

डावी खुर्ची माझ्यापासून हातभर लांब.
मधे थ्रॉटल, आणि व्हर्लिन हाउगस्टॅडचा पोचे पडलेला थर्मास.
ते हातभर ओलांडायला सात वर्षं लागली.
या विमानात जमिनीवर वळायचं चाक फक्त डावीकडे असतं.
म्हणजे तीस हजार फुटांवर वादळाला वळसा घालायचा मी,
आणि उतरल्यावर, गेटपर्यंतच्या शेवटच्या वळणाला
"माझ्याकडे," म्हणायचा व्हर्लिन,
की मी हात मांडीवर ठेवायचे,
पाहुणीसारखे.

पन्नास आसनांचं विमान आता परवडत नाही म्हणे.
नवं शहात्तर आसनी. त्याला धावपट्टी लांब लागते
आणि माणसं जास्त.
टॅमरॅक फॉल्सकडे दोन्ही नाही.
तिथे आर्डिस आहे.
तिकीट तपासते ती आर्डिस, बॅगा चढवते ती आर्डिस,
उणे अठ्ठावीसमध्ये उंच पाळण्यात उभी राहून
नारिंगी फवाऱ्याने पंखांवरचा बर्फ धुते, तीही तीच.
शेवटच्या फेरीला अकरा प्रवासी होते.
एक जण डायलिसिसला दुलूथला निघालेला.
त्याने विचारलं, पुढच्या मंगळवारी किती वाजता?
आर्डिसने माझ्याकडे पाहिलं.
मी हवामानाचा कागद वाचू लागले,
वाचून झालेला.

मार्चमध्ये रिकामं विमान आम्ही दोघांनी ॲरिझोनाला नेलं.
हलकं होतं. अर्धी धावपट्टी संपायच्या आत उडालं,
कुठे चाललोय हे त्याला कुणी सांगितलं नसावं.
वाटेत व्हर्लिन मेंढ्यांविषयी बोलला, बायकोच्या गुडघ्याविषयी.
मोठ्या कंपनीने दोनदा बोलावलं होतं त्याला,
तेव्हा मुलीची शाळा होती.
आता नव्या विमानाचं प्रशिक्षण देऊ केलंय.
"शिकेन गं," म्हणाला, "पण परीक्षा घेणारा पोरगा
मीच शिकवलेला आहे."

वाळवंटात विमानं ओळीने उभी.
इंजिनांच्या तोंडाला फडकी, काचांवर चंदेरी कागद,
मोतीबिंदू काढून बसवलेल्या म्हाताऱ्यांसारखी.
इंजिनं बंद झाल्यावर व्हर्लिन उठला.
"बस," म्हणाला.
मी डावीकडे बसले. चाक हातात घेतलं.
हायड्रॉलिकचा दाब उतरला होता,
ते हाताला लागलं, वळलं नाही.
तो थर्मास शोधत होता, किंवा तसं दाखवत होता.

तो चौदावा होता.
पुढच्या सोमवारी चौदाव्या जागी जुना पंधरावा,
आणि मी तीनशे अठ्ठ्याऐंशीवरून तीनशे सत्त्याऐंशी,
कॅप्टन व्हायला नेमका तेवढाच एक हवा होता.
वजाबाकीत वरचा आकडा कमी पडला
तर शेजारच्या घरातून उसना घ्यायचा, शाळेत शिकवलं होतं.
परत कधी करायचा, ते बाईंनी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या उजवीकडे ओवेन पेल्टियर, वय चोवीस.
गेटजवळ "माझ्याकडे" म्हटलं
की तो हात मांडीवर ठेवतो.
मी त्याच्या हातांकडे बघत नाही.

परवा रात्री टॅमरॅक फॉल्सवरून जात होतो.
तिथली धावपट्टी अजून आहे,
तिचे दिवे वैमानिकाच्या हाती:
त्यांची फ्रीक्वेन्सी लावून
माइकचं बटण पाच वेळा दाबलं की लागतात.
मी दाबलं.
खाली काळ्या रानात दोन पांढऱ्या रेघा उमटल्या.
"उतरायचंय इथे?" ओवेन गोंधळला.
"नाही."

पंधरा मिनिटांनी ते आपोआप विझतात.
तोवर आम्ही विस्कॉन्सिनमध्ये होतो.