पंधराशे चार

एकतीस वर्षं मी पाणी वाचलं.
रोज सकाळी सहाला, नाथसागराच्या भिंतीवर,
पट्टीवरचा आकडा वहीत, निळ्या शाईनं.
पंधराशे बावीस म्हणजे भरलं.
वाऱ्याला त्या वहीत रकाना नव्हता.

रिटायर झाले तेव्हा जावयानं फ्लॅट सुचवला,
लिफ्टवाला.
मी म्हणाले, होडी. शिडाची. एकटीनं चालवायची.
तो बराच वेळ चहात बघत राहिला,
मग म्हणाला, पण मामी, कोकणात आपलं कोण आहे?

पैठणला शेख इलियासच्या वेल्डिंगच्या शेडमागं तीन होड्या,
कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबच्या लिलावातल्या,
कडब्याच्या गंजीला टेकून.

पहिली बावीस फुटी. निजायला दोन फळ्या, स्टोव्हला जागा,
खिडकीसुद्धा. आत शिरून मी पाय लांब केले
आणि दहा मिनिटं संसार मांडला.
पण तिचं शीड चढवायला दोन माणसं लागली,
आणि पोटाखाली शिशाचा सुळका, कायमचा, चार फूट खोल.

दुसरी हलकी, खोंडासारखी.
इलियास म्हणाला, ही वाऱ्याचं ऐकती, माणसाचं नाही.

तिसरी सोळा फुटी, रंग उडालेली.
पुढं एवढुशी ढोली,
गुडघे पोटाशी घेऊन एक बाई निजेल अशी.
मधली फळी दोरीनं वर ओढली
की हातभर पाण्यातही चालते, बदकासारखी.

सखाहरी लिंबोरे भोई. त्याला किंमत, लांबी, रंग
काहीच विचारायचं नव्हतं.
"पालथी झाली तर एकटी सुलटी करशील का?
मंग कर की."
आणि गळ्याइतक्या पाण्यात त्यानंच ती उलटवली.
तीनदा घसरले. नाकात नाथसागर.
चौथ्या खेपेला फळीवर उभी राहिले,
जावयाच्या जुन्या ट्रॅकपँटमध्ये,
आणि ती वळली, गाईनं कूस बदलावी तशी,
पाणी गाळत, नाखुशीनं.

मालवणचा एक म्हातारा फोनवर शिकवतो.
झोत आला की दामण सैल सोडा, म्हणतो.
दामण, शिडाची दोरी.
आमच्याकडं दावण, जनावरांची.
समजायला मला वेळ लागला नाही.
संध्याकाळी ओढीला लागलेलं जनावर
कसं धरायचं नसतं, ते माहीत होतं.

खरं कारण इलियासला सांगितलं नाही,
जावयाला तर नाहीच.
दर उन्हाळ्यात वहीच्या कडेला मी एक आकडा लिहायची,
पेन्सिलीनं, साहेब यायच्या आत पुसता येईल असा:
पंधराशे चार.
त्या आकड्याला आमच्या गोठ्याची भिंत
पाण्याच्या बरोबरीला येते.
गाव उठलं तेव्हा मी दहा वर्षांची होते.
म्हैस पुढं, मी मागं, भिंत तिथंच.

परवा पाणी पंधराशे सहावर होतं.
भिंत दोन फूट खाली, दिसत नाही.
बावीस फुटी इथं रुतली असती, शिसं दगडात घालून,
खिडकी, स्टोव्ह, संसार सगळं घेऊन.
मी फळी वर ओढली. दामण सैल.
होडी गोठ्यावर आली आणि थांबल्यासारखी झाली.

वल्हं उभं सोडलं पाण्यात.
टक्.
ओल्या रेघेपाशी बोट धरून मोजलं:
दोन फूट आणि वर एक बोट.

ते एक बोट
एकतीस वर्षांत मी कधी लिहिलं नव्हतं.