एक्केचाळिसावा भाग

धनकवडीच्या लॅबमध्ये, कोपऱ्यात टांगलेल्या टीव्हीवर
दुपारी सव्वादोनला मी मरते आहे.
आवाज बंद. खाली पट्टी सरकते, गुडघ्याच्या तेलाची.
तेलवाल्याने माझ्या मरणाखालची जागा भाड्याने घेतली आहे,
आणि भाडं
कुणाला तरी मिळतंय.

माझा नंबर सत्तावीस. आत्ता एकोणीस चालू आहे.

शहाण्णव साली कर्वेनगरच्या एका बंगल्यात
दोन दिवस चालला हा प्रसंग.
पहिल्या दिवशी लाइट गेले.
दुसऱ्या दिवशी मी सात वेळा मेले,
कारण मुलाचं काम करणारा पोरगा, नीरज धायगुडे,
दर वेळी फिस्कन हसायचा.
सातव्यांदा त्याला खरंच रडू आलं.
संध्याकाळी व्हाउचर. आठशे रुपये,
तिकिटावर आडवी सही,
वर टाइप केलेलं: पूर्ण व अंतिम.
मी वाचलं होतं.
स्वारगेटची शेवटची बस होती, मी सही केली.

फसवलं असं मी म्हणत नाही.
पण चॅनल त्यानंतर तीनदा विकलं गेलं,
आणि दर वेळी मी आत होते,
फॅन-ट्यूबलाइटसकट घर विकतात, तशी.

नाटकात बरं होतं.
भरतला मेले की नाइट मिळायची, पाकिटात,
मेकअप पुसता पुसता.
मिरजेला मेले, बार्शीला मेले.
बार्शीला थेटरात साठ माणसं, त्यातली चार झोपलेली,
तरी मिळाली.
अर्थात तिथे रोज नव्याने मरावं लागायचं.
इथे मी नुसती बसले आहे, पर्स मांडीवर घेऊन.

धाकटे दीर रघुवीर सेंट्रिंगची कामं घेतात.
म्हणाले, वहिनी, कोथरुडात माझे एकवीस स्लॅब आहेत,
लोक रोज चालतात त्यांच्यावर,
पावलामागे मी पैसे मागतो का?
मी चहा ढवळत राहिले.
उत्तर सुचलं ते गुरुवारी, मेथी निवडताना.
लगेच फोन लावला:
भाऊजी, तुमच्या स्लॅबवर तुमचं तोंड नसतं.
ते थोडा वेळ गप्प.
म्हणजे तोंडाचे पैसे?
हो, तोंडाचे.
मग माझ्या पाठीचे?

त्यांची पाठ खरंच दुखते. पट्टा लावून झोपतात.
याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

शेजारची बाई टीव्हीकडे बघत डोळे टिपते.
बिनआवाजाचं, बाजूने, मधूनच बघूनही.
मग माझ्याकडे बघते, पुन्हा वर बघते.
तुमच्यासारखी दिसते हो थोडी.
मी म्हणते, ती तरुण आहे.

सत्तावीस.

आत अंधार, थंडगार जेल, आणि एक मुलगा
पडद्यावर माझं हृदय शोधतोय.
श्वास रोखा, म्हणतो.
मी रोखते.
रोखूनच धरते.
सोडा, मॅडम, सोडा! केवढा वेळ धरलात.
सवय आहे, मी म्हणते.

बाहेर काउंटरवर अठराशे पन्नास.
पाकिटात काळ्या-करड्या फोटोंचा कागद:
झडपा, कप्पे, एक पांढरी लाट.
डॉक्टर ठेवून घेतील, मी विचारते, मला एक जास्तीची द्याल?
दुसऱ्या प्रतीचे दोनशे, मुलगी मान वर न करता म्हणते.
पण हृदय माझं आहे.
हो मॅडम, पण मशीन आमचं.
आणि तिसरी घेतली तर?
तिसरीचे पण दोनशे. प्रत्येक प्रतीचे.

प्रत्येक प्रतीचे, मी म्हणते.
ती आता मान वर करते.
मागे टीव्हीवर नीरज रडतो आहे, सातव्यांदा,
आणि माझी पापणी
अजूनही हललेली नाही.