चार तळहात

माझ्या गोदामात अर्ध्या गावाचे टायर झोपतात.
मे महिन्यात हिवाळी आत, उन्हाळी बाहेर;
ऑक्टोबरात उलट, गोधड्या काढाव्यात तसं.
प्रत्येक चवडीवर खडूनं नाव, गाडीचा नंबर,
आणि कुठलं चाक कुठे होतं:
पुढचं डावं, मागचं उजवं.

आज तारीख तीस. केमियार्वीचं तळं
काठाकाठानं साय धरू लागलंय.
चौथ्या रांगेत, वरच्या फळीवर
एकच चवड उरली आहे: कल्लुंकी, रेयो.
दोनदा फोन केला. म्हणाले, "अगं, अजून ऑगस्टच आहे."
मी हसले. फोन ठेवल्यावर हसू उतरलं.

नववीत यांनीच आम्हाला घर्षण शिकवलं.
फळीवर लाकडाचा ठोकळा ठेवून
ती हळूहळू तिरकी करायचे आणि विचारायचे,
"घसरत का नाही? कुणी धरलंय त्याला?"
वर्ग गप्प. मग ठोकळा सुटायचा
आणि पहिल्या बाकावरच्या आइलाच्या मांडीत जाऊन पडायचा.

सात अंशांच्या खाली उन्हाळी रबर
शिळ्या भाकरीसारखं कडक होत जातं.
हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून वीसदा सांगते.
सांगते, दीड टनाची गाडी रस्त्याला
चार तळहातांएवढीच टेकते,
बाकी सगळी हवेत, आपल्यासकट.
लोक मान डोलावतात आणि किंमत विचारतात.

दर गुरुवारी सर सिर्काला घेऊन
डायलिसिससाठी रोवानिएमीला जातात.
ऐंशीच्या वर किलोमीटर, सगळं जंगल,
मध्ये तो पूल, जिथे डांबर ओलं दिसतं
आणि ओलं नसतं.
आज बुधवार.

दुकानाला कुलूप घातलं. टायर व्हॅनमध्ये, जॅक पायाशी.

सर दारात आले, मला आइला म्हणाले.
मी दुरुस्त केलं नाही.
अंगणात गुडघ्यांखाली पोतं घेऊन चाकं उतरवत गेले,
नट त्यांच्या टोपीत टाकत गेले;
टोपी पोटाशी धरून ते उभे,
अंडी सांभाळावीत तसे.
जुन्या टायरच्या खाचेत करंगळीचं नख घालून पाहिलं.
नख बुडालं नाही.

पहिलं हिवाळी चाक चढवलं. बोटं बधिर,
नट एकापाठोपाठ एक आवळू लागले.
"अंहं," सर म्हणाले, "समोरासमोरचे.
भार वाटून घेऊ दे त्यांना."
आवाज तोच, नववीतला.

खिडकीत सिर्का उभी होती,
कोटाची बटणं लावून, एक दिवस आधीच.

शेवटच्या चाकाला एक नट कमी पडला.
टोपी रिकामी. गवतात शोधला, गाडीखाली शोधला.
सरांनी मूठ उघडली.
नट गरम होता.

उद्या गाडी मी चालवणार आहे
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
टायरवर खडूचं 'पुढचं उजवं' तसंच आहे.
पूल येईपर्यंत पुसलं जाईल.