तीनदा दहाच्या खाली

उद्यमनगरात सोमवारी लेथ बंद,
म्हणून आमच्या लढाया सोमवारी.
कटिंग ऑइलचे डाग पुसून
सर्फराज टेबलावर पडदा उभा करतो :
बहिणीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका, चिकटपट्टीनं जोडलेल्या.
त्यामागं तो कधीमधी आम्हाला वाचवतो,
हे आम्हाला माहीत आहे. बोलत नाही कुणी.

आज म्हणाला, पडद्याबाहेर टाक.
सगळ्यांना दिसू दे.

वेदांगीची राणूबाई, गोफणवाली,
शून्यावर आलेली, दोरीच्या पुलावर पालथी.
वीस बाजूंचा फासा.
सात.
मग चौदा, आणि धैर्यशील उगाच ओरडला, "जगतीय गा!"
मग चार.
खालनं चहा आला. कप तसेच राहिले.
नऊ.

एकानं हुकलं, एकानं.

तिच्या कागदावर अजून :
दोरी पन्नास हात, दोन मशाली, न वापरलेलं औषध,
आणि साहेब नावाची मेंढी
जी कुठल्याच नियमात बसत नव्हती.
"मेंढी कुणाकडं आता?" अमोघनं विचारलं,
तेव्हा कुठं राणूबाई मेली.

वेदांगी बराच वेळ फासा चोळत बसली.
"बरं झालं, मीच टाकला," म्हणाली.
"सीपीआरमध्ये, आप्पांच्या वेळी,
माझ्या हातात नुसतं एक्स-रेचं पाकीट होतं."

कुणीतरी पंखा वाढवला.
सर्फराजनं पत्रिका मिटल्या, वहीत लिहिलं :
मेंढी पुलावर उभी.
हाक मारली तरी येत नाही.