पानं उलटताना

लिएपायाच्या जुन्या खलाशी-क्लबात
पियानोच्या डाव्या अंगाला एक खुर्ची असते,
पानं उलटणाऱ्याची.
वेल्ताबाईंनी ती उचलायला लावली.
"इथून माझा हात ये-जा करणार.
तू उजवीकडे बस."

म्हणून त्या संध्याकाळी मी उजवीकडे,
त्या हाताच्या शेजारी
जो गेली सहा वर्षं काही बोललेला नाही.
दाराची फुटकी काच, मनगटातली एक नस,
एवढंच झालं होतं.
काळ्या स्कर्टवर तळवा वर करून ठेवलेला,
थंडीत वाळूवर ओढून घेतलेल्या होडीसारखा.

साठेक माणसं. ओल्या लोकरीचा वास.
बाहेर गावातली एकुलती ट्राम
वळणावर करकरली, आणि मग शांतता.

कागदावर ओळी मात्र दोनच, नेहमीसारख्या,
एक वरची, एक खालची.
कुण्या मास्तराने लिहिलेलं,
त्याचं नाव पाण्याने पुसट झालेलं,
आणि कोपऱ्यात पेन्सिलीने, "घाई नको":
हे तिचं नवं अक्षर, डाव्या हाताचं,
पहिलीतल्या मुलीसारखं रेघ सोडून चढणारं.

सुरुवात करंगळीने. तळाचा एक खर्ज.
पेडल दाबून तो स्वर तसाच ठेवला
आणि हात निघाला वर,
त्या मजल्यावर
जिथे तो पन्नास वर्षांत पाहुणा म्हणूनही गेला नव्हता.
खाली खर्ज अजून घुमतोय.
चुलीवर काही ठेवून
बाई दार उघडायला जाते ना, तसं.

आणि गाणं कुणाकडे?
अंगठ्याकडे.
जो आजवर फक्त बाकीच्यांना वाट काढून द्यायचा,
सही येत नसली की ज्याला पुढे करतात,
तो.
आवाज थोडा जाड,
पण कुठेही लाजत नव्हता.

डाव्या हाताचा मळ म्हणतात, सोपं असेल ते.
तिच्या मानेवरून घाम कॉलरात उतरताना
मी पाहत होते.

खरं सांगायचं तर मी घामही पाहत नव्हते.
मी तो दुसरा हात पाहत होते.
मला वाटलं होतं, त्या मोठ्या उडीच्या वेळी
त्याचं एखादं बोट तरी हलेल.
हललं नाही.
मला पान उलटायला अर्धा ठोका उशीर झाला;
ती पाठचं वाजवत पुढे गेली,
मागे वळून पाहिलंही नाही.

मध्यंतरात नगरपालिकेचे इमांत्स काल्नीन्श
कॉफीचा कप सांभाळत म्हणाले,
"एका हाताने सुद्धा, वेल्ता! एका हाताने सुद्धा!"
"सुद्धा?" ती म्हणाली.
"चेलोला म्हणता का कधी,
चार तारांवर सुद्धा?"
ते हसले. ती हसली नाही.
मग टाळ्या. त्यांना मात्र दोन हात लागतात,
आणि साठ माणसांनी ते मन लावून वापरले.

रात्री तिच्या स्वयंपाकघरात
फळीला उलटे ठोकलेले दोन खिळे,
त्यांत रोवलेला बटाटा,
सुरीखालून साल एका लांब फितीसारखी.
मी मदत करू का विचारलं नाही.
उशिरा का होईना, एवढं शिकले होते.

दाराशी तिचे हातमोजे लोंबत होते,
आपल्याकडचे, नक्षीचे,
चार बोटांना एक खोली, अंगठ्याला वेगळी.
उजवा अगदी नवा.
डावा तीनदा रफू केलेला,
अंगठ्याशी पुन्हा विरलेला.

त्या हिवाळ्यात मी विणले. राखाडी, लाल नक्षीचे.
उजवा एक, डावे दोन.
पुडकं सोडून तिने मोजले,
पुन्हा एकदा मोजले,
काही बोलली नाही.

मग डाव्या हाताने, दातांची मदत घेत,
पहिल्यांदा उजव्याला घातला.