स्वल्पविराम

तार्तूत नोव्हेंबरमध्ये पावणेचारलाच काळोख.
लेलोच्या टेबलावर तीन यंत्रं :
विंडोजचं, विभागाने भंगारात काढलेलं;
मॅक, भूगोलवाल्यांकडून गुरुवारपर्यंत उसना;
लिनक्स तिचा स्वतःचा, बिजागरीला चिकटपट्टी.

दलदलीचे थर मोजतो तिचा प्रोग्राम.
अनुदानात तिचा एक तृतीयांश बसतो.
उरलेली ती
रात्री येते.

लाटवियातून इल्गोनिसने कळवलं :
साडेतीन मीटरचा गाभा
तुमच्याकडे तीनच मीटर भरतो.
अर्धा मीटर म्हणजे पाचशे वर्षं, बाई.
कुठे ठेवलीत?

लिनक्सवर होती. मॅकवर होती.
विंडोजवर स्वल्पविरामापाशी बुडाली होती,
कारण तिकडे दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात.
तिच्या गावातही तोच देतात.
शाळेत तीही तोच शिकली होती.
फक्त स्वतःचं यंत्र
तिने केव्हाच इंग्रजीत लावून ठेवलं होतं.

दुरुस्ती एका ओळीची.
पण इल्गोनिसचा तराजू
विंडोज सातशिवाय कुणाशी बोलत नाही,
आणि नवी आवृत्ती सातवर उघडत नाही.
सोडून द्या त्याला, असं कोण म्हणत नाही?
तीही म्हणाली. मोठ्याने. रिकाम्या खोलीत.

मग जुना कंपायलर शोधायला बसली.

पहाटे बदलांच्या यादीत लिहिलं :
‘दशांशचिन्ह वाचण्यातली चूक काढली.’
पाचशे वर्षांचा उल्लेख नाही.

मॅकची वायर गुंडाळली.
आज गुरुवार.