दोन्ही डाव्या

गोकुळ शिरगावात रात्री बाराला
दोन नंबर शेडचा वजनकाटा मुका झाला.
पोरांनी आधी आपापलं करून बघितलं.
मला फोन आला पावणेदोनला,
भैरू पोवारचा, गेटवरनं:
"ताई, लिंक का फिंक गेलीया म्हणं. या."

उजळाईवाडीतनं गाडी मारत आले.
भंगाराचा ट्रक काट्यावर, ड्रायव्हर टपावर गाढ,
स्क्रीनवर वजनाच्या जागी आडवी रेघ.

रॅक उघडला. काळी वाळू इथंही,
पंख्याच्या पात्यांवर साय धरल्यागत.
चोवीस दिवे लुकलुकत होते.
पंचविसावा गप.

आधी पुसलं.
केसापरीस बारीक काच ती,
तिच्या टोकावर वाळूचा एक कण
म्हणजे बोळात आडवी बसलेली म्हैस.
कोरड्या पट्टीनं, एकाच दिशेनं, एकदाच.
मग वाचलं: येणारा उजेड, उणे चाळीस.
म्हणजे अंधारच, आकड्यात लिहिलेला.

लाल पेन लावून बघितला.
तीनशे मीटर पलीकडनं इर्शाद मुजावर ओरडला,
"आला, आला! डाळिंबाच्या दाण्यागत!"
काच धडधाकट होती तर.
"इर्शाद, तुझ्याकडच्या मॉड्यूलची कडी कुठल्या रंगाची?"
"निळी."
माझ्याकडची पण निळी.

एकाच काचेतनं जायचं आणि यायचं असलं
की एकानं निळं व्हायचं, एकानं पिवळं.
निळा तेराशेदहात बोलतो, पंधराशेपन्नासात ऐकतो,
पिवळ्याचं बरोबर उलटं.
आणि स्टोअरच्या चौगुल्यांनी जळका काढून
मायेनं जुळवून दिलेला, सेम टू सेम.
बारापासनं दोघं एकाच सुरात बोलत बसलेले,
ऐकायला कुणीच नाही.
"म्हंजे चपला दोन्ही डाव्या," इर्शाद म्हणाला,
आणि हसला एकटाच, त्या टोकाला.

पिशवीत एक पिवळा होता. पण चाळीसचा.
जयसिंगपूरपर्यंत हाक पोचवणारा.
तो तीनशे मीटरवर नुसता खोचला
तर समोरच्याचा डोळाच जायचा एखादवेळी.

हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी
मी डबा तसाच परत आणला होता.

आण्णा तीस वर्षं दोन हातांवर उभे होते भट्टीच्या.
लोखंड शिजलं का ते रंगावरनं सांगायचे,
झेंडू, मग केळीचा गाभा, मग खरवस.
कंपनीनं निळ्या काचेचा चष्मा दिलेला,
तो खिळ्यालाच.
"त्यातनं रंग खोटा दिसतोय," म्हणायचे.
डॉक्टरांनी नंतर टॉर्च मारून बघितलं, आणि मलाच विचारलं,
"कुठल्या फौंड्रीत होते?"

उजेड कमी करायचा तुकडा मिळतो, बोटाच्या पेराएवढा,
आठवड्याच्या भाजीच्या पैशात.
तो मध्ये घातला. पिवळा खोचला. कट्‌.

पंचविसावा हिरवा.
उणे बारा.
तिकडं प्रिंटर खडखडला,
भैरूनं टपावर काठी आपटली,
अठरा हजार चारशे चाळीस किलो
डोळे चोळत उठलं आणि चिठ्ठी घेऊन गेलं.

घरी आले तेव्हा आण्णा पायरीवर, हातात तांब्या.
माझ्या पावलाकडं तोंड वळवून म्हणाले,
"कसला रंग हुता उजेडाचा?"
"दिसत न्हाई त्यो आण्णा. बघायचा बी नसतोय."
"मग तयार झालं कसं कळतंय?"
सांगण्यासारखं बरंच होतं.
म्हटलं, "प्रिंटर वाजला."
मान हलवली त्यांनी. पटलं का नाही, कळलं नाही.

खिशातली दोन रबरी टोपणं
त्यांच्या तळव्यावर ठेवली, उगीच.
आण्णांनी ती अंगठ्यानं फिरवली,
साच्याची कड चाचपावी तशी, सावकाश.
मग एक मला परत दिलं.

"पूस," म्हणाले. "वाळू हाय ह्यात."